हवा पुण्याची, मग लोकर कशाला? सुती विणकामाचा धागा

उसवण

दिवाळी झाली की दरवर्षी तेच. माळ्यावरची पिशवी खाली येते, यूट्यूबवर कुठल्यातरी बर्फाळ गावातली बाई जाडजूड स्वेटर विणताना दिसते, आपण हौसेनं लोकर आणतो, पाठ पूर्ण होते, पुढचा भाग अर्धा होतो आणि होळी येते. लोकर मांडीवर घेववत नाही. पिशवी परत माळ्यावर.

माझं मत स्पष्ट आहे: पुणे, मुंबई, कोकण इथे राहणाऱ्यांनी स्वेटरच्या नादी लागू नये. सुती दोऱ्यात छोट्या वस्तू विणाव्यात. पुसणी, गरम भांडी धरायची फडकी, भाजीची पिशवी, केसांचा पट्टा, पाण्याच्या बाटलीची झोळी. बारा महिने विणता येतात, बारा महिने वापरता येतात आणि बिघडलंच तर उसवायला जीव तुटत नाही. स्वेटरवाल्यांचंही स्वागत आहे, पण भांडायच्या तयारीनं या.

सुरुवात मी करते. नव्या माणसाला मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातलं चौकोनी पुसणं शिकवते. लोक मफलरपासून सुरू करतात ते मला पटत नाही. दीड मीटर तेच ते विणायचं, त्यात टाका वाढवणं नाही, कमी करणं नाही, शिकणाऱ्याचा उत्साह अर्ध्या वाटेत संपतो.

पुसणं कोपऱ्यातून सुरू करायचं. ८ नंबरच्या सुया, जरा जाडसर सुती दोरा. ४ टाके घाला, एक ओळ सुलट विणा. पुढच्या ओळीपासून दर ओळीला एकच मंत्र: २ सुलट, धागा पुढे घ्या, उरलेले सगळे सुलट. धागा पुढे घेऊन विणलं की सुईवर एक वेढा जास्तीचा बसतो. म्हणजे एक टाका वाढला आणि तिथं एक बारीक भोकही पडलं. असा त्रिकोण रुंदावत जातो. त्याची तिरपी कड हवी तेवढी लांब झाली (मी वीतभर करते) की परतीला लागा: १ सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून एक), धागा पुढे, पुन्हा दोनाचा एक, उरलेले सुलट. दोन टाके गेले, एक आला, म्हणजे ओळीला एक कमी. ४ उरले की बंद करा. चारही कडांना जाळीची ओळ आपोआप आलेली असते.

यातली गंमत अशी की नमुना विणून टाके मोजत बसावं लागत नाही. दोन्ही बाजूंनी सुलटच विणलं की दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते. दोन ओळींत दोन टाके वाढतात, दोन्ही कडांना एकेक. त्यामुळे कोपरा काटकोनातच उघडतो. हात घट्ट असो की सैल, चौकोन तो चौकोनच येतो, फक्त लहान-मोठा.

तुम्ही काय विणता ते लिहा. फोटो असले तर उत्तम, नसले तरी टाके लिहा.

नाशिकची_काकू

पुणे-मुंबई-कोकण म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे बाई. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो आणि पहाटे द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटवतात त्या काही हौसेनं नाही.

स्वेटरचं तुझं म्हणणं एक वेळ मान्य. विकतचे चांगले मिळतात, हलके असतात, मुलं तेच घालतात. पण कानटोपी हातचीच हवी. विकतच्या टोपीत कान अर्धे बाहेर. मी नातवंडांसाठी विणते ती पूर्ण टोपी दोन सुलट दोन उलट. सुलट टाक्यांचे उभे पट्टे पुढे येतात, उलट टाक्यांचे मागे जातात आणि विणलेलं कापड पेटीच्या भात्यासारखं मिटतं-उघडतं. म्हणून तर मूल वाढलं तरी तीच टोपी दुसऱ्या हिवाळ्यात चालते.

डोक्याचा घेर मोजायचा आणि त्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमीच धरायचा. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांवर घालायचे, मग एक सुई हळूच ओढून काढायची. नाहीतर कड अशी आवळते की पोरगं कपाळावर वळ घेऊन शाळेत जातं. काठ १० नंबरवर, वरचा भाग ९ वर. लहान मुलाच्या टोपीला पन्नास ग्रॅमचा गुंडा सहसा पुरून उरतो. आणि कॅशमिलॉनच (ॲक्रिलिकची कृत्रिम लोकर) घ्यावं. शुद्ध लोकरीची टोपी सुनेनं गरम पाण्यात टाकली की ती बाहुलीला घालावी लागते.

तुझं पुसणं करून बघते. कोपऱ्यातून सुरू करायची युक्ती आवडली.

टोरांटोची_आत्या

काकू, इथं उणे वीसला कानटोपीशिवाय पर्याय नाही, त्यामुळे मी तुमच्याच बाजूची. पण एक सूचना, कारण इथं भारतातून आणि अमेरिकेतून दोन्हीकडून लोक वाचतात. नुसता सुईचा नंबर लिहू नका, मिलिमीटर लिहा.

आपल्याकडच्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर आहेत. नंबर मोठा तेवढी सुई बारीक. अमेरिकन नंबर बरोबर उलटे, मोठा नंबर म्हणजे जाड सुई. उसवणताईंची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची. अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरचा. काकूंची १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आणि अमेरिकन १० नंबर थेट ६ मिलिमीटर! त्यावर काकूंची टोपी विणली तर बापाला होईल. दोन्हीकडे जुळणारा एकच नंबर मला माहीत आहे, तो ७. दोन्हीकडे साडेचार मिलिमीटर.

क्रोशाचंही तसंच. अमेरिकन व्हिडिओतला सिंगल म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका, आणि त्यालाच ब्रिटिश पुस्तकात डबल म्हणतात. अमेरिकन डबल म्हणजे आपला साधा खांब, उंच टाका, तो ब्रिटिशांचा ट्रेबल. रुमाल अर्ध्यावर गेल्यावर कळलं की फार चिडचिड होते. म्हणून वीण सुरू करण्याआधी लिहिणारी कुठली आहे ते बघून घ्यावं. वर्णनात कुठंही सिंगल दिसलं की ती अमेरिकन पद्धत, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल सहसा लिहितच नाहीत.

चहा_बिस्कीट

भगिनींनो, कोपऱ्यावरच्या दुकानात पन्नास रुपयांत तीन पुसणी मिळतात. पळतो आता.

उसवण

@चहा_बिस्कीट, मिळतात, घ्या. ती पाणी पुसत नाहीत, इकडून तिकडे नेतात. आत निम्मं पॉलिएस्टर असतं.

@आत्या, धन्यवाद, यापुढे मिलिमीटर लिहीन. माझी सुई ४ मिलिमीटरची.

इचलकरंजीकर

मी विणत नाही. नोकरी सगळी सूतगिरणीत गेली, त्यामुळे धाग्याबद्दल बोलू शकतो. बायको विणते, मी दुकानात जाऊन दोरा जाळून बघतो. दुकानदार मला ओळखून आहेत.

जाळून बघणं हीच खरी परीक्षा आहे, लेबलावर जाऊ नका. दोन इंच तुकडा चिमट्यात धरून काडी लावायची. सूत भसकन पेटतं, कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ आणि करडी. लोकर नाखुशीनं जळते, काडी काढली की बहुतेक वेळा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळत-वितळत जळतं आणि मागे काळा टणक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात. हे मोरीत किंवा बाल्कनीत, बादलीभर पाणी शेजारी ठेवून करायचं. आणि तो वितळलेला मणी लगेच बोटानं चाचपू नये, कातडीला चिकटतो.

आता सूत आणि लोकर यांतला फरक. लोकरीच्या तंतूला निसर्गतःच नागमोडी वळणं असतात, ताणला तरी तो परत येतो. सुताला ती लवचीकता नाही. म्हणून काकूंची दोन सुलट दोन उलटची कड सुतात विणली तर चार दिवसांत ढिली पडेल. सुती टोपी, सुती मोजे यांची कड लोंबते ती यामुळेच. उलट ओलं झाल्यावर सुताची ताकद वाढते, लोकरीची कमी होते. पुसणं दिवसातून दहा वेळा पिळलं जातं. तिथं सूतच हवं.

चकचकीत दोरा मिळतो तो मर्सराइझ्ड. सूत कॉस्टिक सोड्यात ताणून धरतात, तंतू फुगून गोल होतो, म्हणून चकाकी येते आणि रंगही गडद चढतो. तोरणाला, टेबलावरच्या रुमालाला तो घ्या. पुसण्याला कमी पिळाचा, फुसफुशीत साधा दोरा बरा, पाणी पटकन ओढतो.

दोऱ्याच्या कोनवर २०, ४० असे आकडे असतात तो काउंट. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. म्हणजे इथंही आकडा मोठा तेवढा दोरा बारीक, भारतीय सुयांसारखंच. २/२० लिहिलं असेल तर २० काउंटचे दोन पदर पिळलेले. तो एकटा विणायला फार बारीक पडतो. आमच्याकडे चार-पाच पदर एकत्र घेऊन विणतात आणि किलोच्या भावानं घेतला की बराच स्वस्त पडतो.

साखळी_साखळी

इतकी चर्चा झाली आणि क्रोशाला आत्याबाईंनी जेमतेम दोन ओळी दिल्या! एक सुई, एक दोरा, टाका सुटला तर एकच सुटतो, अख्खी ओळ धावत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकूनसुद्धा विणता येतं, शेजारणीला कोपर लागत नाही. दोन सुयांवाल्यांनी डोंबिवली लोकलमध्ये विणून दाखवावं.

माझी हुकमी वस्तू म्हणजे भाजीची जाळीची पिशवी. तळ गोल. सुरुवातीच्या वेढ्यात ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे १२. तिसरीत एकाआड एक वाढवून १८, मग २४, ३०, दर फेरीला सहाच वाढवायचे. साध्या खांबांचा तळ करायचा असेल तर १२ नं सुरुवात आणि दर फेरीला १२ वाढवायचे, कारण खांब उंच, घेर भराभर मोठा होतो. तळ वाटीसारखा वर यायला लागला तर वाढ कमी पडते आहे. झालर पडायला लागली तर जास्त होते आहे.

तळहाताएवढा तळ झाला की जाळी: ५ साखळ्या, दोन खांब सोडून मुका खांब, परत ५ साखळ्या. पुढच्या फेरीपासून मुका खांब साखळीच्या कमानीच्या मधोमध टाकायचा. वाढवायचं काही नाही. रिकामी असताना पिशवी मुठीत मावते आणि दोन किलो कांदे घातले की गुडघ्यापर्यंत लोंबते. म्हणून जाळी वाटते त्यापेक्षा चार फेऱ्या आधीच थांबवावी.

बंदाबद्दल विशेष सांगते. नुसत्या साखळ्यांचा बंद कधीही करू नये. वजनानं तो ताणून दोरीसारखा होतो आणि खांद्यात रुततो. चार-पाच मुक्या खांबांच्या रुंदीची पट्टी आडवी न विणता लांबीच्या दिशेनं विणायची. म्हणजे आधी बंदाच्या लांबीएवढी साखळी, मग तिच्यावर चार ओळी. अशी पट्टी बरीच कमी ताणते. जोडताना दोन्ही टोकं पिशवीच्या काठाला दोन बोटं तरी रुंद शिवायची.

नवी_सुई

नमस्कार. गेल्या महिन्यात विणायला शिकले. आईकडे उरलेल्या कॅशमिलॉनचे गुंडे डबाभर आहेत. त्यांतून कुकर, कढई उचलायला जाड चौकोन विणले तर चालतील का? रंग फार सुंदर आहेत हो. आणि दुसरी शंका: मी एक ओळ सुलट एक ओळ उलट असा पट्टा विणला, त्याची सुरळी होते. इस्त्री केली तरी होते. माझं काय चुकतं?

इचलकरंजीकर

कॅशमिलॉन म्हणजे ॲक्रिलिक. गरम भांड्याला अजिबात नको. वर लिहिलेला काळा मणी आठवा, तो तुमच्या तळहातावर होईल. आणि ॲक्रिलिकवर इस्त्री? वाफेनंसुद्धा त्याचा जीव जातो, एकदा लोळागोळा झालं की पूर्ववत होत नाही.

उसवण

@नवी_सुई, काकांनी सांगितलं ते शंभर टक्के. गरम भांड्यासाठी सुतीच दोरा, तोही दुहेरी जाडीचा. मी दोन चौकोन विणून मधे जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा घालून शिवते. जाळीची वीण नको, भोकातून चटका बसतो. आणि ते फडकं ओलं असताना कढई धरायची नाही. ओल्या कापडातून उष्णता फार लवकर पोचते, वर वाफेचा चटका वेगळा. ओट्यावर दोन फडकी ठेवावीत, पुसायचं वेगळं आणि धरायचं वेगळं.

सुरळीचं म्हणशील तर तुझं काहीच चुकत नाही, त्या विणीचा स्वभावच तो आहे. सुलट टाक्याची पुढची बाजू आणि मागची बाजू सारखी नसते, सगळे टाके एकाच दिशेला तोंड करून बसले की कापडाला पीळ पडतो. उभ्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे वळते. दोन्ही बाजूंना चार-चार टाके कायम सुलट विण, आणि सुरुवातीला नि शेवटी पाच-सहा ओळी पूर्ण सुलट. चौकट झाली की कड बऱ्यापैकी बसते. पट्टा अरुंद असेल तर ती वीणच सोड, दोन्हीकडून सुलट विण.

आईच्या गुंड्यांचे केसांचे पट्टे कर. घेर ४५ सेंटिमीटर, रुंदी चार बोटं, एक सुलट एक उलट. टोकं जोडताना अर्ध्या पिळानं फिरवून शिवलीस तर कपाळावर छान गाठ मारल्यासारखं दिसतं. आणि ॲक्रिलिक असल्यानं परत आवळतो, सुतासारखा ढिला पडत नाही. बघ, ॲक्रिलिकची बाजू मी घेतली.

मेंढरामागं

आमच्या आटपाडी भागात धनगरांकडं मेंढ्यांची लोकर कातरणीच्या वेळी पोत्यानं मिळते. घेणारं गिऱ्हाईक नाही, कितीकदा तशीच टाकून देतात. सनगर लोक तिच्या घोंगड्या विणतात ते माहीत आहे. पण सुयांवर विणता येईल का? मफलर वगैरे?

इचलकरंजीकर

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ, मफलर केला तर मान लाल होईल. लोकर टोचते ती जाड तंतूंमुळे, मऊ तंतू त्वचेवर वाकतो, जाड तंतू वाकत नाही, रुततो. घोंगडी मागावर विणतात, लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात, ते काम वेगळं आणि ती लोकर त्या कामाचीच.

पण विणताच येत नाही असं नाही. हातानं कातलेला लोकरीचा जाड धागा ६-७ मिलिमीटरच्या सुयांवर बसायची आसनं, पायपुसणी, ओट्यावर गरम भांडं ठेवायच्या चकत्या यांना उत्तम. लोकर सहज पेट घेत नाही, त्यामुळे भांड्याखाली ठेवायला सुतापेक्षाही बरी. विणून झाल्यावर कढत पाण्यात साबण लावून चांगली रगडा, तंतू एकमेकांत अडकून दाट नमदा होतो. आटेल, म्हणून मोठं विणायचं. घरातली मंडळी लोकरीचे स्वेटर ज्या चुकीनं बिघडवतात तीच इथं मुद्दाम करायची.

आधी मात्र लोकर नीट धुवावी लागते. मेंढीच्या अंगचा चिकटा असतो, वास असतो. गरम पाण्यात साबण घालून नुसती बुडवून ठेवायची, त्या वेळी रगडायची नाही.

साखळी_साखळी

मेंढरामागं, मला दोन किलो हवी! काळी मिळाली तर काळीच. व्यक्तिगत निरोप करते.

तोरणवाली

मी गेली काही वर्षं क्रोशाची तोरणं आणि रांगोळीचे गालिचे विकते. एक प्रश्न सगळ्यांनाच: किंमत कशी लावता? गिऱ्हाईक म्हणतं की बाजारात एवढ्याला मिळतं. परवा एकीनं दोऱ्याचे पैसे आणि वर शंभर रुपये देऊ केले.

टोरांटोची_आत्या

त्यांना एक गोष्ट ठणकावून सांगा. सुयांच्या विणकामाची यंत्रं चारशेहून जास्त वर्षं आहेत, १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं मोजे विणायचं यंत्र केलं. खऱ्या क्रोशाचं यंत्र मात्र आजही कारखान्यात नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण क्रोशाचा खांब हातानंच पडतो. त्यामुळे दुकानात दीडशे रुपयांना खरा क्रोशाचा टॉप लटकत असेल तर तो कुणीतरी बसून विणलेला आहे, आणि त्या बाईला काय मिळालं असेल याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

नाशिकची_काकू

माझं साधं आहे. मी विकतच नाही. पण लेकीच्या मैत्रिणी विचारतात तेव्हा सांगते, दोऱ्याच्या तिप्पट हा हिशेब सोडा. बारीक दोऱ्याचा रुमाल दोनशे रुपयांच्या दोऱ्यात होतो आणि महिना खातो. जाड दोऱ्याची पिशवी चारशेच्या दोऱ्यात होते आणि तीन संध्याकाळी खाते. तास धरा. तुमच्या घरी येणाऱ्या स्वयंपाकाच्या बाईंना तासाला जे देता, निदान तेवढं तरी स्वतःला द्या. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

तोरणवाली

काकू, तास धरले तर तोरण कुणी घेणारच नाही हो. बाराखणी तोरणाला माझे वीस-बावीस तास जातात.

उसवण

मग तोरण हौशी गिऱ्हाइकासाठी मागणीवरच करा आणि रोजच्या विक्रीला तासाभरात होणारी वस्तू ठेवा. चहाच्या कपाखालच्या चकत्या, सहाचा संच. साठवलेल्या दोऱ्याचे उरलेसुरले रंग त्यात खपतात. तोरणाची किंमत पाडून बाकीच्या विणणाऱ्यांचंही नुकसान होतं, हे माझं मत, कटू वाटलं तर वाटो.

वरची_मावशी

पुढच्या महिन्यात भाचीचं बाळंतपण आहे. बाळंतविड्यात टोपरं, मोजे, दुपटं विणून द्यायचंय. बाळ मुंबईत, मार्चमध्ये. लोकर की सूत?

नाशिकची_काकू

मार्चमध्ये मुंबईत लोकर? बाळावर दया करा. मऊ सूत. दुपटं हलकं, दोन्हीकडून सुलट, पण जाळी मोठी नको, बोटं अडकतात. मोज्यांच्या आतून लोंबणारे दोरे कापून, टोकं विणीत ओवून टाका, बाळाच्या बोटाला दोरा गुंडाळला गेला तर कळतसुद्धा नाही. बटणं, मणी, गोंडे नकोत. टोपऱ्याला गळ्याखाली बांधायची लांब रिबीन नको. आणि घरात झोपलेल्या बाळाला टोपरं घालून ठेवू नये, डोक्यातून जास्तीची उष्णता बाहेर जावी लागते. बारशाच्या फोटोपुरतं घालून काढायचं. धुवायची पद्धत चिठ्ठीवर लिहून द्या, भाचीची सासू आणि कामाची बाई दोघींना कळेल अशी.

डावखुरी

मी डावखुरी. क्रोशा शिकवणाऱ्या ताई वैतागल्या, म्हणाल्या तुझ्याच्यानं होणार नाही. दोन सुयांचं तरी जमेल का?

साखळी_साखळी

का नाही होणार! क्रोशाचा व्हिडिओ आरशासारखा उलटा करून बघ, फोनमध्ये तशी सोय असते. टाके तेच, दिशा फक्त उलटी. गोल वस्तूंना काहीच फरक पडत नाही. अक्षरं किंवा चित्र विणायचं असेल तरच नकाशा उलटा वाचायचा.

उसवण

आणि दोन सुयांना तर दोन्ही हात राबतात. माझ्या ओळखीतल्या दोघी डावखुऱ्या सरळ उजवीकडूनच शिकल्या, धागा डाव्या बोटावर घेतात आणि माझ्यापेक्षा भराभर विणतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी सगळेच धागा डाव्या हातात धरतात. आधी ते करून बघ. जमलं नाही तरच उलटं शिक, कारण मग छापील नमुन्यात डावी-उजवी सारखी बदलत बसावी लागते.

नवी_सुई

पुसणं झालं! फक्त एक कोपरा टोकदार आणि शेवटचा गोलसर आलाय. आणि परतीच्या बाजूची भोकं मोठी दिसतात.

उसवण

भोकं मोठी दिसतात कारण तिथं धागा पुढे घेताना तू वेढा सैल सोडतेस, दोनाचा एक विणताना सुई ओढली जाते आणि शेजारचा वेढा ताणला जातो. पहिल्या दोनाच्या एकानंतर धागा जरा आवळून घे. कोपऱ्याचं कारण शेवटचे टाके बंद करताना घट्ट ओढलेत. सुई अर्धा मिलिमीटर जाड घेऊन बंद कर, किंवा ४ टाके उरल्यावर दोन-दोनचे एक करून २ टाक्यांवर आण आणि मग संपव. धुतल्यावर ओलं असतानाच चारही कोपरे हातानं ओढून सपाट वाळत टाक, दोरीवर नको.